कुंकू लावलेले स्क्रू

आमच्या डोंबिवलीच्या घरात गेली दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर कुणी जेवत नाही. तिथे एक गाडी उघडी पडलेली असते. आमचे हे ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसतात आणि अधूनमधून विचारतात, "अजून किती दिवस?" मी म्हणते, "जुळत आलीय." त्यांनी आता उत्तर ऐकणं सोडलं आहे.

गाडी माझ्या नातीची. ती ठाण्याला राहते, अकरावीत आहे. शनिवारी माझ्याकडे येते आणि रविवारी कोलशेतला तिच्या आईच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहीणबाईंकडे जाते. शनिवार माझा, रविवार त्यांचा, ही वाटणी ती पाळण्यात होती तेव्हापासूनची. शनिवार आधी येतो, एवढ्यावर मी इतकी वर्षं समाधान मानत आले.

गाडी रिमोटवर चालते, पण पळत नाही. दगडधोंड्यांवरून, एकेक चाक चाचपत, वर चढते. नात तिला रॉक क्रॉलर म्हणते. मी 'रांगती' म्हणायचे. दुकानात तयार मिळते म्हणे, पण आमच्या बाईसाहेबांना तयार नको होती. सांगाड्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकीकडून, ॲक्सल दुसरीकडून, हळू पण जोरात फिरणारी मोटर तिसरीकडून, आत स्पंज भरलेले मऊ टायर आणखी कुठून तरी. सगळी कुरियरं माझ्या पत्त्यावर यायची, कारण तिचे आईबाप दिवसभर ऑफिसात. मी सह्या करायचे. सह्या करता करता खोकी उघडायला लागले, आणि खोकी उघडता उघडता माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर आला. म्हणजे परत आला.

कारण लग्नाआधी तीन वर्षं मी कोलशेत रोडवरच्या एका कारखान्यात होते. आम्ही वीस-बावीस मुली लांबच लांब बाकावर बसून रिले जुळवायचो. रिले म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी काडेपेटीएवढी डबी. प्रत्येक डबीत चिमुकले स्क्रू. स्क्रू पूर्ण पिळून झाला की त्याच्या डोक्यावर लाल लॅकरचा एक ठिपका द्यायचा. ठिपका वाळला की स्क्रू हलत नाही, आणि नंतर कुणी हलवलाच तर ठिपका तडकतो, चोरी पकडली जाते. साहेब लोक त्याला काहीतरी इंग्रजी म्हणायचे. आम्ही मुली म्हणायचो, कुंकू लावणं. "अगं, याला कुंकू लावलंस का?" "हा अजून कुवारच आहे!" असं दिवसभर चालायचं आणि नवीन आलेला सुपरवायझर कानापर्यंत लाल व्हायचा. पण थट्टा सोडली तर नियम एकच होता. कुंकू लावलं म्हणजे शपथ घेतली. त्या स्क्रूला पुन्हा कुणी किल्ली लावून बघायचं नाही.

हे मी नातीला सांगितलं आणि ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "आजी, सॉलिड! आपल्या गाडीलाही कुंकूच लावायचं." लगेच माझ्या कपाटातून लाल नेलपॉलिशची बाटली निघाली. गेल्या वर्षी एका लग्नात एकदा लावलेली, त्यानंतर नाही. त्या दिवसापासून पद्धत ठरली. गाडी उघडायची, जोडायची, डिझाइन करायची नातीने. शेवटचा पीळ माझा आणि कुंकू माझं. तिच्या मित्रमंडळींत ती ऐटीत सांगायची, "लाल ठिपका असेल तर बघायचंच नाही. आजीचा आहे तो."

आता कोलशेतकडे वळायला हवं. वळायची माझी इच्छा नाही, पण गाडी तिकडेच जायची.

विहीणबाई तिथल्याच. त्यांच्या घराण्याची मिठागरं होती, भातखाचरं होती. आता तिथे इमारती आहेत, आणि इमारतींच्या मधोमध त्यांचं दोन मजली घर आणि घरामागे मोठी मोकळी वाडी. त्या वाडीत इमारतींच्या पायातून निघालेले काळे दगड ढिगाने पडले आहेत. माझ्याकडे काय आहे? दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आणि तुळशीच्या कुंडीतले चार गोटे. क्रॉलर चालवायची म्हटली की नात कोलशेतला जाणार हे लिहून ठेवलेलं होतं. शनिवारी मी पाठ मोडेपर्यंत वाकून स्क्रू पिळायचे आणि रविवारी गंमत बघणार कोण, तर विहीणबाई!

बरं, नुसती बघून गप्प बसली असती तर मी सोसलं असतं. पण ती बाई चालवायला लागली. आणि बघणाऱ्यांचे श्वास अडकावेत अशी चालवायला लागली. नातीने मला फोनवर व्हिडिओ दाखवला. नऊवारीचा ओचा खोचून बाईसाहेब दगडावर बसल्या आहेत, रिमोट मांडीत, आणि गाडी एक चाक ठेवून थांबते, अंदाज घेते, मग दुसरं ठेवते. नात म्हणाली, "बयला कुणी शिकवलंच नाही गं. ती म्हणते, लहानपणी मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालायची ना, तसंच आहे. आधी पाय ठेवायचा, मग अंग न्यायचं."

बय! मला आजी म्हणते, त्यात काही चूक नाही, पण आजी साऱ्या जगाला असते. बय मात्र त्या एकटीलाच.

आणि गाडीचं नावसुद्धा गेलं. एका शनिवारी नात म्हणाली, "आजी, चिंबोरीचं पुढचं चाक काढून दे ना." मी विचारलं, कोण चिंबोरी? तर विहीणबाईंनी बारसं केलेलं होतं. खाडीतल्या खेकड्याला त्या चिंबोरी म्हणतात. गाडी तशीच तिरकी तिरकी दगडावर चढते, म्हणून चिंबोरी. खरं सांगू? नाव चपखल होतं. रांगती हे नाव त्याच्यापुढे बालवाडीतलं वाटत होतं. म्हणून तर जास्त लागलं. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बाहेर जातो, त्या घराच्या जेवणाच्या टेबलावर चिंबोरी!

मग मी कंबर कसली. गाडीच्या टपाला कॅरिअर करायचं ठरवलं. पितळेची तार आणली, इतक्या वर्षांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं, दोन बोटं भाजून घेतली आणि कठड्यासकट असं सुबक कॅरिअर केलं की नातीने त्याचे अकरा फोटो काढले. मी मोजले. त्यावर वळकटी ठेवली, खणाच्या चिंधीची. एक बादली, एक शिडी, आणि नखाएवढा पितळी तांब्या. तीन शनिवार गेले. गाडी नवी नवरी दिसत होती.

रविवारी संध्याकाळी नात कोलशेतहून मुद्दाम माझ्याकडे चक्कर मारून गेली. कॅरिअर तिच्या पिशवीत होतं, गाडीवर नव्हतं.

"आजी, रागावू नको हं. बय म्हणाली..."

विहीणबाई काय म्हणाल्या तेही तिने त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं. "माथ्यावं यवरा भार कनाला? चिंबोरी डोक्यावं टोपली घेऊन चरते का कदी?"

"वजन खाली पाहिजे आजी, चाकांजवळ. वर असलं की पलटी खाते. काढल्यावर पहिल्या झटक्यात चढली. फक्त मोठा दगड राहिलाय. पुढच्या रविवारी माझे क्रॉलरवाले फ्रेंड्स येणारेत, तेव्हा तो करायचा. तूही ये ना, आजी. प्लीज."

मी म्हटलं, "बघू." आणि ते कॅरिअर शोकेसमध्ये ठेवलं, पुढे, काचेला चिकटून. जाता-येता दिसावं म्हणून.

पुढच्या शनिवारी तिने मागचा सगळा भाग उघडून साफ केला. मोटरची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक दांडा असतो. तो एका बारीकशा, डोकं नसलेल्या स्क्रूने धरलेला असतो. त्याच्या भोकात सहा कोनांची किल्ली घालून तो पिळायचा, की त्याचं टोक दांड्याच्या सपाट बाजूवर बसतं. नात आंघोळीला गेली आणि आतून ओरडली, "आजी, दांड्याचा झाला का?"

किल्ली माझ्या हातात होती. स्क्रू दोन वेढे आत गेला होता. आणखी दीड वेढा हवा होता.

"झाला गं," मी म्हटलं, आणि त्यावर कुंकू लावलं.

विसरले, असं मी स्वतःला दिवसभर सांगितलं. साफ खोटं. मला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, ती गाडी कोलशेतला उताणी पडावी आणि पोरीला डोंबिवलीची आठवण व्हावी.

आणि गंमत म्हणजे, हे माझ्या हातून दुसऱ्यांदा होत होतं. कारखान्यात माझ्या शेजारच्या जागेवर एक मुलगी बसायची. हात असा चालायचा तिचा, जसे काही स्क्रू आपण होऊन आत शिरतात. तिची जागा पंख्याखाली होती. त्या बाकावर पंखा एकच. दोन वेण्या घातलेल्या, मॅट्रिकला गणितात पहिल्या आलेल्या त्या ध्यानाला, म्हणजे तेव्हाच्या मला, वाटायचं, पंखा खरा आपला. म्हणून एक दिवस ध्यानाने घाईघाईने तिच्याहून जास्त डब्या उरकल्या. कशा? अर्ध्यांना नुसतंच कुंकू लावलं. तपासणीच्या टेबलावर ट्रे हलवला आणि स्क्रू टिणटिण टिणटिण करत बाहेर आले. ट्रे आम्हा दोघींचा मिळून होता. सुपरवायझरने तिच्याकडे बघितलं. "फार घाई करतेस तू." ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिला दाराशी बसवलं आणि मला पंख्याखाली. पंख्याखाली बसून घामाने भिजणारी ठाण्यातली पहिली बाई मीच असेन. भिजले, पण जागा सोडली नाही. हुशार होतं ना ध्यान!

तर रविवारी मी कोलशेतला गेले. चांगली साडी नेसून गेले. आपल्याच हाताची करणी बघायला जाताना इस्त्रीची साडी नेसणारी मी.

वाडीत नातीचे चार-पाच मित्रमैत्रिणी आपापल्या गाड्या घेऊन आले होते. विहीणबाईंनी सगळ्यांना बोरांच्या, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोड गोळ्यांच्या, बश्या दिल्या. मला पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं, उशी दिली. त्यांच्या कपाळावर काही नसतं, यजमान गेल्यापासून. पण चेहरा असा की रिकामं वाटत नाही. मला तेही आवडत नव्हतं.

मोठा दगड छातीएवढा होता. बाकीच्यांच्या गाड्या अर्ध्यावरून घसरल्या. मग नातीने रिमोट विहीणबाईंच्या हातात दिला. माझ्या समोर.

चिंबोरी चढायला लागली. पुढची चाकं वर, थांबली. मागची टेकली, थांबली. एक मुलगा मोबाईल धरून कुजबुजला, "आजी एक नंबर आहेत यार!" आजी म्हणजे त्या. अगदी माथ्यापाशी, शेवटच्या खाचेत, गाडीच्या पोटातून कर्रर्र असा आवाज आला. पुढची चाकं दगड खरवडत राहिली, मागची मेली. गाडी क्षणभर लोंबली आणि कोलांट्या खात खाली. टप फुटला, पुढचं चाक धरणारा एक हात वाकला.

माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हवं. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी नातीचं तोंड दिसलं.

"माजा आंगठा जोरान परला गो," विहीणबाई रिमोट खाली ठेवत म्हणाल्या. "मी मोरली तुजी चिंबोरी."

"नाही बय, तू बरोबर चालवत होतीस. काहीतरी आत गेलंय." नातीने तिथेच मातीत बसून गाडी उलटी केली. बॅटरी बघितली, मोटर बघितली, गिअरचा डबा उघडला. सगळं ठीक. एका मैत्रिणीने मागच्या दांड्याकडे बोट दाखवलं. "हा चेक कर ना."

नात मान वर न करता म्हणाली, "तो नको. त्याला आजीचं कुंकू आहे."

खुर्चीवरची उशी मला टोचायला लागली.

तिने आणखी सगळं खोललं. विहीणबाई शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी सहज दोन बोटांत तो दांडा धरला आणि फिरवला. दांडा फिरला, चाकं नाही. त्यांनी पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. उठल्या. "इहीनबाय, चला, चाय ठेवू," म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

गॅस पेटवला नाहीच. ओट्याला टेकून म्हणाल्या, "कुकू लावलाव, पन लगीन लावाचाच रायला."

मला हसू आलं. खरंच आलं. इतक्या शरमेतही आलं, कारण कारखान्यातल्या बाकावर हे वाक्य कुणाला सुचलं असतं तर आम्ही महिनाभर हसलो असतो. आणि लगेच राग आला, की हे मला का सुचलं नाही.

"रागानं केलाव ना? त्या कॅरेरपायी?"

मी हो म्हटलं.

"मी बोललीच नसती, पन ती पलटी खात होती." त्या पदराला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. "र्‍हाउंदे. मी पिलून टाकते गुपचूप. पोरीला सांगते, आंगठाच परला माजा. तिला कल्ला तं तुमचा कुकू गेला कायमचा."

दाराशी बसलेली ती मुलगी मला दिसली. पंख्याकडे न बघता खाली मान घालून स्क्रू पिळणारी. इतक्या वर्षांत मी तिला कधी शोधलं नाही. सापडली असती तर काय बोलले असते, तेही ठाऊक नाही.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही नका घेऊ अंगावर."

बाहेर येऊन, त्या सगळ्या पोरांसमोर, मी नातीला सांगितलं. फार बोलले नाही. "दांड्याचा स्क्रू मी पिळला नव्हता. माहीत असून कुंकू लावलं. मला तुझ्या बयचा हेवा वाटतो."

एक पोरगं बोर चावत होतं, ते चावायचं थांबलं.

नात ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने किल्ली उचलली आणि गाडीवरचा प्रत्येक लाल ठिपका तपासायला घेतला. एकेक. किल्ली भोकात गेली की कुंकू तडकायचं, बारीक लाल कपची उडायची. घट्ट. घट्ट. घट्ट. सगळे घट्ट होते, मी सांगू शकले असते. पण आता माझ्या सांगण्याला काय किंमत होती? अर्धा तास ती तपासत होती आणि मी उभी होते. कुणी बस म्हणालं नाही, विहीणबाईसुद्धा.

शेवटी तिने हात पुढे केला. "बाटली दे."

मी पर्समधून नेलपॉलिश काढून दिलं. तिने ते विहीणबाईंच्या हातात ठेवलं. "आजपासून शेवटचा पीळ तुझा, बय."

विहीणबाईंनी बाटली उजेडात धरून बघितली. "अगो, मना कुकू लावाचा काम देतेस? कोन हसंल!" त्या हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या क्षणीही मला हेवा वाटला. माझी बाटली, माझा शब्द, माझं काम, आणि शोभून दिसत होतं ते त्यांना.

मोठा दगड चिंबोरीने त्यानंतर दोन रविवारांनी सर केला. मला व्हिडिओ आला.

नात अजूनही शनिवारी येते. पहिले काही आठवडे "आजी, ती पक्कड दे," एवढंच बोलायची. आता बाकीचंही बोलते. गाडी टेबलावर असते, पिळणं विहीणबाईंचं, ठिपके विहीणबाईंचे. पण दुपारी ती कानात गाणी घालून आडवी झाली की मी हळूच किल्ली घेते आणि एकेक स्क्रू तपासते. एक तरी ढिला निघावा म्हणून. निघत नाही. मेले सगळे घट्ट, कसे कोण जाणे, कुणी शिकवलं नसताना.

गेल्या शनिवारी निघाला. मागच्या दांड्याचा. तोच. वर टपोरं लाल कुंकू आणि खाली अर्धा वेढा ढिला!

काय सांगू, मला नाचावंसं वाटलं. नातीला हाक मारायला तोंड उघडलं. डोळे मिटून पडली होती, पायाचा अंगठा गाण्यावर हलत होता. तोंड मिटलं. स्क्रू पिळला, पक्का केला, आणि कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. एवढा मोठेपणा आयुष्यात पहिल्यांदाच केल्यामुळे चहाही गोड लागला.

चहा संपायच्या आत फोन वाजला.

"इहीनबाय, गावला का?"

"काय?"

"तो. मागचा."

मी हातातली किल्ली डब्यात टाकली.

"दर शनवारी तुमी किल्ली लावताव. दर रयवारी माजा कुकू तरकलेला असतंय. मना काय दिसत नाय?" पलीकडे हसणं आवरत नव्हतं. "बोलली, बिचारी शोधतंय, शोधतंय. एक ठेवू ढिला. जीवाला बरा वाटला ना?"

ठिपका तडकतो, चोरी पकडली जाते. तीन वर्षं बाकावर बसून शिकलेली एकुलती एक गोष्ट, आणि मीच ती विसरले होते.

मी म्हटलं, "दोन ठेवायचे होते."

फोन ठेवला आणि टेबलाशी येऊन बसले. गाडी चालवण्यात ती पुढे, नाव ठेवण्यात ती पुढे, पीळ देण्यात पुढे. निदान खोडी काढणं तरी माझ्याकडे राहील असं वाटलं होतं. आता पुढच्या शनिवारपर्यंत काहीतरी सुचायला हवं. कॅरिअर शोकेसमधून काढलं आहे. त्यावरचा पितळी तांब्या अगदी चाकाजवळ, खाली बसतो का ते बघते आहे.